तीनशेंची सरासरी २७३.८८: फ्लोट-३२ अ‍ॅरेतल्या उभ्या बेरजेचा प्रकरण अभ्यास

तक्रार अशी होती. तापमानाचे तीन सेन्सर सेकंदाला १०० नोंदी देतात. सव्वीस-सत्तावीस अंश सेल्सिअसच्या खोलीतल्या या नोंदी केल्विनमध्ये, म्हणजे ३०० च्या आसपास, साठवलेल्या. पावणेअठ्ठावीस तासांत प्रत्येक सेन्सरच्या १ कोटी नोंदी जमल्या. नमपाय या पायथनच्या संख्यात्मक लायब्ररीत त्यांचा एक कोटी ओळी आणि तीन स्तंभांचा फ्लोट-३२ (प्रत्येक संख्येला ३२ बिट) अ‍ॅरे तयार केला आणि अ‍ॅक्सिस शून्यावर, म्हणजे प्रत्येक स्तंभाचा वरून खाली, मीन (सरासरी) काढला. तिन्ही स्तंभांची सरासरी २७३.८ च्या आसपास आली. किमान आणि कमाल मूल्ये मात्र चोख होती: कुठेच २९९ च्या खाली नोंद नाही. सगळ्या नोंदी २९९ च्या वर असताना त्यांची सरासरी २७३ कशी येईल?

या आकड्याने पहिली दिशाभूल केली ती एककांची. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे २७३.१५ केल्विन, त्यामुळे २७३.८ दिसताच कुणालाही वाटते की सेल्सिअस-केल्विन रूपांतर दोनदा झाले किंवा मधेच सुटले. हा निव्वळ योगायोग आहे आणि तो मोडायला एक चाचणी पुरते. मूळ नोंदी बाजूला ठेवायच्या, फुल फंक्शनने सगळीकडे नेमके ३०० भरलेला तेवढ्याच आकाराचा फ्लोट-३२ अ‍ॅरे बनवायचा आणि तोच मीन काढायचा. उत्तर येते २७३.८८. डेटाची फाइल नाही, सेन्सर नाहीत, रूपांतर नाही, तरी चूक जागेवर. इश्यू नोंदवताना हाच दोन ओळींचा नमुना द्यावा. १२० एमबीची फाइल जोडली तर ती उघडायला कुणी बसत नाही, आणि बसलेच तर पहिला तास फाइलच्या स्वरूपातच जातो.

कोणाकोणावर संशय घ्यायचा आणि तो कसा दूर करायचा

दुसरा संशय ओपनब्लासवर, म्हणजे नमपायसाठी मॅट्रिक्सची कामे करणाऱ्या ब्लास प्रकारच्या लायब्ररीवर, जातो, कारण संख्यात्मक लायब्ररीत काही बिघडले की बोट तिकडेच वळते. पण सम (बेरीज) आणि मीन ब्लासकडे जातच नाहीत. ब्लास लागतो तो डॉट, मॅटमल (मॅट्रिक्स गुणाकार) आणि रेषीय बीजगणिताच्या कामांना. थ्रेडची संख्या एकवर आणून पाहिली तरी उत्तर तेच राहते, आणि एवढ्याने हा धागा संपतो.

तिसरा संशय सिम्ड सूचनांवर, म्हणजे एकाच वेळी अनेक संख्यांवर क्रिया करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचनांवर. शो-रनटाइम फंक्शन चालवले की प्रोसेसरच्या कोणत्या सुविधा ओळखल्या गेल्या आहेत हे दिसते. एनपीवाय-डिसेबल-सीपीयू-फीचर्स या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलने त्यातल्या वैकल्पिक सुविधा बंद करून पुन्हा चालवले तरी २७३.८८ च येते. एक वेगळा धोकाही याच टप्प्यावर तपासून घ्यावा. प्रक्रियेत लोड झालेली एखादी दुसरीच लायब्ररी फास्ट-मॅथ (काटेकोरपणापेक्षा वेगाला महत्त्व देणाऱ्या) पर्यायाने कंपाइल झालेली असेल, तर जुन्या जीसीसी कंपाइलरमध्ये तिच्या लोड होण्यानेच अतिलहान संख्या शून्य करण्याची खूण प्रोसेसरवर बसते. मात्र त्याचा परिणाम १०⁻³⁸ च्या खालच्या संख्यांवर होतो, ३०० वर नाही. म्हणून इथे तोही आरोपी सुटला.

यानंतर निर्णायक चाचण्या येतात. एकाच अ‍ॅरेवर चार गोष्टी करून पाहायच्या:

- अ‍ॅक्सिस न देता संपूर्ण अ‍ॅरेचा मीन: ३०० च्या अगदी लगत.
- अ‍ॅक्सिस शून्यावर मीन: २७३.८८.
- एकच स्तंभ कापून त्याचा मीन: बरोबर.
- अ‍ॅस-फोर्ट्रान-अ‍ॅरेने मेमरीतली मांडणी बदलून, म्हणजे प्रत्येक स्तंभाच्या संख्या सलग ठेवून, अ‍ॅक्सिस शून्यावर मीन: नेमके ३००.

चौथी चाचणी सगळ्यात बोलकी आहे. संख्या त्याच, आकार तोच, अ‍ॅक्सिस तोच, बदलली ती फक्त मेमरीतली मांडणी, आणि उत्तर सुधारले. म्हणजे चूक संख्यांत नाही, त्या कोणत्या क्रमाने मिळवल्या जातात त्यात आहे. उरलेला सगळा तपास हा क्रम कोण ठरवतो एवढाच आहे.

पायऱ्या रुंद होत जातात

फ्लोट-३२ मध्ये संख्येचे सार्थ अंक २४ बिटांचे असतात. संख्या मोठी होत गेली की दोन शेजारच्या मांडता येणाऱ्या संख्यांमधले अंतर, म्हणजे पायरी, दर दुपटीला दुप्पट होते. २²⁴ म्हणजे १,६७,७७,२१६ च्या पुढे पायरी २ ची, त्यामुळे तिथे १ मिळवला तरी बेरीज हलत नाही. एकांनी भरलेल्या दोन कोटी ओळींच्या दोन-स्तंभी अ‍ॅरेची उभी बेरीज १,६७,७७,२१६ वरच अडते ती याचमुळे, आणि हे उदाहरण अनेकांनी पाहिलेले असते. ३०० चे उदाहरण त्याहून फसवे आहे, कारण बेरीज अडण्याआधी ती बराच काळ चुकीच्या वेगाने पुढे सरकत राहते. चालत्या बेरजेत दर वेळी ३०० मिळवायचे असताना प्रत्यक्षात किती मिळते ते असे:

| बेरीज कुठपर्यंत | पायरी | ३०० च्या जागी पडणारी भर |
|---|---|---|
| ६.७१ कोटी | ४ किंवा कमी | ३०० |
| १३.४२ कोटी | ८ | ३०४ |
| २६.८४ कोटी | १६ | ३०४ |
| ५३.६९ कोटी | ३२ | २८८ |
| १०७.३७ कोटी | ६४ | ३२० |
| २१४.७५ कोटी | १२८ | २५६ |
| ४२९.५० कोटी | २५६ | २५६ |
| ८५८.९९ कोटी | ५१२ | ५१२ |
| त्यापुढे | १०२४ | ० |

दुसरी ओळ बारकाईने पाहावी. ३०० भागिले ८ म्हणजे ३७.५, म्हणजे अगदी मध्यावर. फ्लोट संख्यांच्या आयईईई ७५४ या मानकाचा नेहमीचा नियम मध्यावरची संख्या सम बाजूला ढकलतो, आणि बेरीज एकदा सम पटीवर आली की प्रत्येक वेळी ३८ पट, म्हणजे ३०४ मिळत राहतात. राउंडिंगच्या चुका इकडे-तिकडे होऊन एकमेकींना खोडतील, ही नेहमीची आशा इथे लागू पडत नाही. त्या सगळ्या एकाच दिशेला जातात. शेवटून तिसऱ्या ओळीत पायरी २५६ ची आहे. १२८ आणि ३८४ यांच्या दरम्यानची कोणतीही संख्या तिथे २५६ म्हणूनच जमा होते. नोंद २९९.६ असो की ३००.४, फरक पडत नाही. त्यामुळे खऱ्या, थोड्या हलत्या नोंदींतही चूक जवळपास तेवढीच राहते. फक्त ८ च्या पायरीवरचा मध्याचा प्रश्न हलत्या नोंदींत आपोआप सुटतो, म्हणून तिथे उत्तर २७३.८८ ऐवजी २७३.८१ च्या जवळ येते.

आता या तक्त्यावरून वेगवेगळ्या लांबीची सरासरी हातानेच काढता येते:

| ओळी | मिळणारी सरासरी |
|---|---|
| १ लाख | ३००.०० |
| १० लाख | ३०१.२८ |
| १ कोटी | २७३.८८ |
| २ कोटी | ३१५.१३ |
| ३ कोटी | २८६.३३ |

वर, खाली, पुन्हा वर. सुमारे २ कोटी ४४ लाख ६७ हजार ओळींना सरासरी ३५१ पर्यंत चढते आणि मग बेरीज २³³ वर कायमची अडून भागाकार घसरू लागतो. असा आलेख पाहणारा माणूस सेन्सरवर, थ्रेडच्या शर्यतीवर किंवा खराब मेमरीवर शंका घेतो, आणि त्याला दोष देता येत नाही. एक लाख ओळींच्या नमुन्यावर चाचणी केली तर सगळे बरोबर दिसते हे तर आणखी धोक्याचे. चूक २,२३,६९६ व्या ओळीनंतरच सुरू होते.

स्टँडर्ड डेव्हिएशन हाच रस्ता दोनदा चालते: आधी सरासरी, मग फरकांच्या वर्गांची बेरीज. सगळ्या नोंदी एकसारख्या असूनही एक कोटी ओळींवर ते शून्याऐवजी २५ च्या आसपास येते. यंत्रशिक्षणात स्तंभ प्रमाणित करताना याच दोन आकड्यांनी वजाबाकी-भागाकार होतो, आणि चूक पुढच्या सगळ्या आकडेमोडीत मुरते. कोणतीही सूचना नाही, एरर नाही.

लायब्ररीच्या आत काय घडते

नमपाय १.९ पासून, म्हणजे २०१४ पासून, बेरजेसाठी जोडीने मिळवण्याची पद्धत वापरते. १२८ किंवा कमी संख्यांचा तुकडा आठ स्वतंत्र जमाखात्यांत (चालू बेरजेच्या घरांत) मिळवला जातो. तुकडा त्याहून मोठा असेल तर त्याचे दोन भाग करून प्रत्येकाची बेरीज वेगळी काढली जाते. अशाने समान आकाराच्या बेरजा एकमेकींत मिळतात, अवाढव्य बेरजेत चिमूटभर संख्या टाकण्याची वेळ फार क्वचित येते. एकूण न संख्या असतील तर चुकीची सैद्धांतिक मर्यादा न च्या पटीऐवजी न च्या द्विमान लॉगच्या पटीत वाढते. फ्लोट-३२ साठी राउंडिंगचे एकक ६×१०⁻⁸ धरले तर एक कोटी संख्यांना साध्या बेरजेची मर्यादा ०.६, म्हणजे ६० टक्के; जोडीच्या बेरजेची १०⁻⁶ च्या घरातली. इथली प्रत्यक्ष चूक ८.७ टक्के होती, म्हणजे साध्या बेरजेच्या मर्यादेत बसणारीच.

पण ही सोय फक्त मेमरीतल्या सलग दिशेला मिळते. नमपायच्या नेहमीच्या सी-मांडणीत (ओळीमागून ओळ) एक कोटी × ३ च्या अ‍ॅरेत एका ओळीतल्या तीन संख्या शेजारी असतात. उभी बेरीज करताना नमपायचा इटरेटर (घटकांवरून फिरणारा कोड) सगळ्यात लहान उडीची, म्हणजे मेमरीत पुढच्या घटकापर्यंत सगळ्यात कमी अंतराची, दिशा आतल्या लूपला देतो, कारण मेमरी सलग वाचणे स्वस्त पडते. म्हणजे आतला लूप फक्त तीन घरांचा: तीन जमाखात्यांत पुढच्या ओळीच्या तीन संख्या मिळव, आणि हे एक कोटी वेळा कर. प्रत्येक जमाखात्याच्या दृष्टीने ही सरळ, एकामागून एक अशी बेरीज आहे. जोडीने मिळवणारा कोड आतल्या लूपमध्ये आहे खरा, पण तो चालू होण्यासाठी निकालाची उडी शून्य असावी लागते, म्हणजे संपूर्ण आतला लूप एकाच घरात मिळवत असावा लागतो. इथे निकालाची उडी चार बाइट आहे.

दस्तऐवजात हे लिहिलेले आहे. सम फंक्शनच्या टिपेत स्पष्ट म्हटले आहे की अ‍ॅक्सिस दिल्यावर अचूकता कोणत्या अ‍ॅक्सिसवर बेरीज होते यावर अवलंबून राहते. तरीही उत्तराची अचूकता मांडणीवर ठरावी, हे वापरणाऱ्याच्या समजुतीला धक्का देणारे आहे. मांडणीने वेग बदलतो हे लोक जाणतात. पहिलाच अंक बदलेल अशी अपेक्षा कुणी करत नाही.

वापरणाऱ्याने आज काय करावे

सरळ उपाय एकच: मीन, सम, व्हार (व्हेरिअन्स) आणि एसटीडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) यांना डीटाइप (संख्येचा प्रकार) फ्लोट-६४ द्यावा. यासाठी पूर्ण अ‍ॅरेची प्रत बनत नाही. रूपांतर ८,१९२ घटकांच्या बफरमधून तुकड्यातुकड्याने होते, त्यामुळे १२० एमबीचे अचानक २४० एमबी होत नाहीत. आधी अ‍ॅस-टाइपने पूर्ण अ‍ॅरे बदलून मग मीन काढणे ही मात्र मेमरीची उधळपट्टी. फ्लोट-६४ मध्ये ३०० च्या नोंदींची बेरीज अशीच अडायला सुमारे १५,००० लाख कोटी नोंदी लागतील, तेव्हा तिकडची चिंता नको. निकाल फ्लोट-३२ मध्येच हवा असेल तर तीन आकड्यांचे शेवटी रूपांतर करावे.

फ्लोट-६४ टाळायचेच असेल तर तुकडे पाडावेत. ४,०९६ ओळींचा एक तुकडा धरून अ‍ॅरेला (२४४१, ४०९६, ३) असा आकार द्यायचा, आधी मधल्या अ‍ॅक्सिसवर आणि मग पहिल्या अ‍ॅक्सिसवर बेरीज. यात ९९,९८,३३६ ओळी बसतात, उरलेल्या १,६६४ वेगळ्या मिळवाव्या लागतात. या उरलेल्या ओळी विसरणे ही इथली नेहमीची चूक. सरासरीत ती दिसतही नाही, फक्त बेरीज थोडी कमी पडते.

एकांच्या सदिशाने मॅटमल करणे ही पळवाट बऱ्याचदा सुचवली जाते. तिने उत्तर सुधारलेले दिसते, पण मिळवण्याचा क्रम मग ब्लासच्या कर्नलवर आणि थ्रेडच्या संख्येवर सोपवला जातो. एका यंत्रावर बरोबर, दुसऱ्यावर थोडे वेगळे. तिला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

लायब्ररीत दुरुस्ती करायची तर

नव्याने योगदान देणारा बहुधा थेट जोडी-बेरजेच्या टेम्प्लेटमध्ये शिरतो, तुकड्याचा आकार १२८ वरून बदलतो, बिल्ड करतो, आणि उत्तर जसेच्या तसे राहिलेले पाहून गोंधळतो. तो कोड या वाटेवर चालतच नाही, हे वर आलेच आहे. आतल्या लूपला फक्त तीन संख्या दिसतात. बाहेर एक कोटी फेऱ्या होणार आहेत याची त्याला खबर नसते. बदल रिडक्शनच्या (अनेक संख्यांतून एक निकाल काढण्याच्या) यंत्रणेत, बाहेरच्या लूपमध्ये करावा लागतो. आणि ती यंत्रणा मॅक्सिमम, लॉजिकल-अँड, मल्टिप्लाय अशा सगळ्या यूफंकची (घटकवार क्रिया करणाऱ्या फंक्शनची) सामाईक असल्याने बदल फक्त फ्लोट आणि कॉम्प्लेक्सच्या अ‍ॅडपुरता मर्यादित ठेवण्याची काळजी घ्यावी लागते.

तीन मार्ग आहेत. पहिला पायथन पातळीवरचा: मीनच्या कोडमध्ये फ्लोट-१६ आल्यास बेरीज फ्लोट-३२ मध्ये करण्याची व्यवस्था आधीच आहे, तशीच फ्लोट-३२ साठी फ्लोट-६४ ची करायची. दोन-चार ओळींचे काम. पण यात सम सुटतो, आणि जिथे जोडीची बेरीज आधीच उत्तम चालते त्या सलग अ‍ॅरेंनाही रूपांतराचा खर्च विनाकारण भरावा लागतो. वेगासाठी फ्लोट-३२ निवडलेल्या लोकांवर हा अन्याय आहे.

दुसरा मार्ग कहानची भरपाई-बेरीज, १९६५ सालची. प्रत्येक बेरजेत हरवलेला अंश वेगळ्या खात्यात धरून पुढच्या वेळी परत मिळवायचा. अचूकता अप्रतिम, पण एका बेरजेच्या जागी चार क्रिया, निकालाएवढे दुसरे खाते, आणि कंपाइलरला क्रियांचा क्रम बदलण्याची मुभा मिळाली तर तो भरपाईचा हिशेब बीजगणिताने शून्य ठरवून काढूनच टाकतो. शिवाय बेरजेत अनंत आला की भरपाईत अनंत वजा अनंत होऊन नॅन (‘संख्या नाही’ असे मूल्य) तयार होतो. साध्या बेरजेचे उत्तर अनंत असताना इथे नॅन यावा, हे चालणार नाही. त्यासाठी वेगळी तपासणी घालावी लागते.

तिसरा मार्ग पायरीपायरीने चढणारी बेरीज, आणि या प्रकरणात तोच योग्य वाटतो. १२८ ओळी एका तात्पुरत्या ओळीत मिळवायच्या. तुकडा पूर्ण झाला की तो पातळी शून्यात ठेवायचा. तिथे आधीच काही असेल तर दोन्ही मिळवून पातळी एकवर, तिथेही असेल तर पुढे, जसा द्विमान मोजणीत हातचा चढतो तसा. तुकड्यांच्या मोजणीच्या शेवटच्या बिटांवरूनच किती वेळा मिळवायचे ते कळते, वेगळा हिशेब लागत नाही. एक कोटी ओळींचे बरोबर ७८,१२५ तुकडे होतात आणि १७ पातळ्या पुरतात. तीन स्तंभांसाठी ही जागा १७ × ३ × ४ म्हणजे २०४ बाइट. ३०० च्या उदाहरणात तुकड्याची बेरीज ३८,४००, आणि पुढची प्रत्येक बेरीज अचूक मांडता येते, त्यामुळे उत्तर नेमके ३०० येते.

अडचण रुंद अ‍ॅरेंची. दहा लाख स्तंभ असतील तर १७ पातळ्यांना ६.८ कोटी बाइट लागतील, ते मान्य होणार नाही. म्हणून स्तंभांचेही १,०२४ चे पट्टे पाडायचे. एका पट्ट्याची एक पातळी ४ केबी, सगळ्या मिळून ६८ केबी. हे बहुतेक प्रोसेसरांच्या एल-वन कॅशपेक्षा (सगळ्यात जवळच्या छोट्या मेमरीपेक्षा) जास्त असले तरी वरच्या पातळ्यांना क्वचितच हात लागतो: पातळी शून्य दर १२८ ओळींनी, पुढची दर २५६ नी. सतत वापरात असते ती फक्त खालची तात्पुरती ओळ.

सोपी आवृत्तीही आहे: दोनच पातळ्या, तुकडा ओळींच्या वर्गमुळाएवढा. एक कोटीसाठी ३,१६२ ओळींचा तुकडा घेतला तर मर्यादा ०.६ वरून ४×१०⁻⁴ वर येते. कोड निम्म्याहून कमी लागतो. पण एवढे मूळ हलवल्यावर १०⁻⁶ सोडून १०⁻⁴ वर समाधान मानण्यात अर्थ नाही.

जिथे पॅच हमखास अडतो

तात्पुरती ओळ शून्याने भरून सुरुवात केली की उणे शून्यांची बेरीज अधिक शून्य होते. पहिली ओळ तशीच उतरवून घ्यावी, मग दुसरीपासून मिळवावे. व्हेअर मास्क (कोणते घटक मिळवायचे ते सांगणारी खूण) दिलेला असेल तर पहिली ओळ गाळलेलीही असू शकते, तेव्हा ही युक्ती चालत नाही. मास्कची वाट सुरुवातीला जुन्याच लूपवर ठेवणे शहाणपणाचे. इनिशियल (बेरजेची सुरुवातीची किंमत) दिलेले असेल तर ते कोणत्या टप्प्यावर मिळवायचे हे ठरवून टेस्टमध्ये बांधून टाकावे. आउट (निकाल ठेवण्याची जागा) म्हणून दिलेला अ‍ॅरे इनपुटवरच चढलेला असेल तर यंत्रणा आधीच प्रत करते, पण पट्टे पाडल्यानंतर तो क्रम टिकतो का हे पाहिलेच पाहिजे. ऑब्जेक्ट डीटाइपला (ज्यात पायथनच्या कोणत्याही वस्तू असू शकतात) हात लावू नये. तिथे बेरीज म्हणजे कोणाचीही कोणतीही क्रिया असू शकते, आणि क्रम बदलला की अर्थ बदलतो.

ओव्हरफ्लोची सूचनाही बदलू शकते. मोठी धन आणि मोठी ऋण मूल्ये आलटून-पालटून असतील तर एका क्रमात मधली बेरीज मर्यादेबाहेर जाते, दुसऱ्यात नाही. हे दोन्ही बाजूंनी घडते, म्हणून त्याला दोष न मानता वर्तनातला बदल म्हणून नोंदवावे. कमसम (दर टप्प्याची चालती बेरीज) या बदलातून बाहेरच राहते, कारण तिचा निकालच क्रमवार असतो.

टेस्टसाठी १२० एमबीचा अ‍ॅरे घेऊ नये. सीआयच्या (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या) यंत्रांवर तो भार आहे. पहिल्या ओळीत २²⁴ आणि पुढच्या ४,०९६ ओळींत १ ठेवला की ४८ केबीतच काम होते. साधी बेरीज १,६७,७७,२१६ वर अडकते. खरे उत्तर १,६७,८१,३१२. नव्या पद्धतीतही पहिल्या तुकड्यातले १२७ एके हरवतात, कारण तुकड्याच्या आत बेरीज सरळच आहे, त्यामुळे उत्तर सुमारे १२८ ने कमी येते. म्हणून टेस्टमध्ये समानता न तपासता सापेक्ष सहनमर्यादा २×१०⁻⁵ ठेवावी: नवी चूक ७.६×१०⁻⁶ तिच्या आत, जुनी २.४×१०⁻⁴ बाहेर. संदर्भ उत्तरासाठी पायथनचे मॅथ-एफसम वापरावे, ते मधल्या टप्प्यांत काहीच गमावत नाही. ओळींची संख्या ०, १, ७, ८, १२७, १२८, १२९ अशी काठावरची घ्यावी आणि मांडण्या सी, फोर्ट्रान, एकाआड एक कापलेली, उलट्या दिशेची, आणि त्रिमित अ‍ॅरेत मधल्या अ‍ॅक्सिसवरची अशा सगळ्या.

बिल्डची तयारी थोडक्यात: रेपॉझिटरी क्लोन केल्यावर सबमॉड्यूल (आत जोडलेल्या इतर रेपॉझिटरी) आणायला विसरू नये, नाहीतर सिम्डच्या हेडर फाइल सापडत नाहीत आणि एरर भलतीकडेच बोट दाखवते. मग स्पिन या साधनाच्या आज्ञा: स्पिन बिल्ड, स्पिन टेस्ट. सोर्स फोल्डरमध्ये उभे राहून साधा पायथन उघडून इंपोर्ट केले तर बिल्ड न झालेला कोड उचलला जातो आणि नमपाय इंपोर्टलाच नकार देते. स्पिनमधूनच पायथन उघडावा. गिट बायसेक्टवर (बिघाड कोणत्या कमिटने आणला ते शोधण्यावर) इथे वेळ घालवू नये: १.९ च्या आधी दोन्ही दिशांची बेरीज सरळ होती, त्यानंतर एकच सुधारली, म्हणजे बिघाड आणणारी कमिट मुळात अस्तित्वातच नाही.

बेंचमार्कचे आकार नीट निवडावेत: (१ कोटी, ३), (१०,०००, १,०००) आणि (१००, १० लाख). अरुंद अ‍ॅरेत वेळ बहुतेक आतला लूप एक कोटी वेळा बोलावण्यातच जातो, तिथे तुकड्यांचा खर्च जाणवू नये. शेवटच्या आकारात ओळी १२८ पेक्षा कमी आहेत, म्हणजे तिथे नवा कोड सुरूच होता कामा नये. वेळ वाढलेली दिसली तर अट चुकली आहे असे समजावे.

कमिटचा उपसर्ग कोणता, यावर मत द्यायचे तर बीयूजी (दोषदुरुस्ती) नव्हे, ईएनएच (सुधारणा). वर्तन दस्तऐवजात नोंदलेले होते, तेव्हा ही सुधारणा आहे. जुन्या आवृत्त्यांत ती मागे नेऊ नये, कारण फ्लोट-३२ च्या उभ्या बेरजेचे शेवटचे बिट सगळीकडे बदलतील, आणि सायपाय, पांडाज, सायकिट-लर्न या नमपायवर उभ्या लायब्ररींच्या ज्या टेस्ट नेमक्या आकड्यांवर टेकलेल्या असतील त्या फुटतील. मर्ज होण्याआधी या तिन्हींच्या टेस्ट आपल्या शाखेवर चालवून फुटलेल्यांची यादी पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) द्यावी. आगामी बदलांच्या फोल्डरात पुल रिक्वेस्टच्या क्रमांकाने रिलीज नोट टाकावी. आणि सम व मीन यांच्या दस्तऐवजातली अ‍ॅक्सिसवर अवलंबून असलेल्या अचूकतेची टीप त्याच पुल रिक्वेस्टमध्ये बदलावी: व्हेअर मास्कची वाट अजून जुन्याच पद्धतीने चालते, हे तिथे स्पष्ट लिहून.